घरच्या घरी मोटारसायकलची निगा : आधी माप, मग पाना

मोटारसायकलची निगा घरी राखायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खोललेले इंजिन, तेलाने माखलेले हात आणि जमिनीवर विखुरलेले नट-बोल्ट उभे राहतात, आणि हे आपले काम नव्हे असे ठरवून गाडी लहानसहान तक्रारीसाठीसुद्धा गॅरेजात सोडली जाते. प्रत्यक्षात घरी करण्याजोगी बरीचशी कामे पाहण्याची आणि मोजण्याची असतात. पाना हातात घेण्याची वेळ त्यानंतर येते, आणि कित्येकदा येतही नाही. चेन किती सैल आहे, टायरमध्ये हवा किती आहे, क्लचच्या दांडीला खेळ, म्हणजे पकड लागण्याआधीची मोकळी हालचाल, किती आहे, बॅटरीचे व्होल्ट किती भरतात आणि ब्रेकचे पॅड किती उरले आहेत, एवढे पाच आकडे ज्याला आपल्या गाडीबद्दल तोंडपाठ आहेत, त्याला बिघाडाची चाहूल सहसा आधीच लागते. म्हणून या कामात मी एकच नियम कटाक्षाने पाळतो, आणि तो वाचकांनीही पाळावा असा माझा आग्रह आहे : जे मोजले नाही, ते आवळायचे नाही आणि सैलही करायचे नाही.

पहिले साधन म्हणजे गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका. या लेखात दिलेली मापे सर्वसाधारण गाड्यांची आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल, तर तोच खरा मानावा. त्याखेरीज ८ ते १७ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने, मागच्या ॲक्सलच्या नटाला नेमका बसणारा मोठा पाना, प्लग पाना, हवेचा दाब मोजणारा गेज, पोलादी पट्टी, बारीक फटी मोजणारा फिलर गेज आणि व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर एवढा संच पुरेसा आहे. पुढेमागे टॉर्क पाना घेता आला तर अवश्य घ्यावा, कारण नट किती आवळला हे तो आकड्यात सांगतो. जबडा कमीजास्त करता येणारा पाना मात्र गाडीपासून दूर ठेवलेला बरा. तो नटाच्या कडा गोल करतो, आणि कडा गेलेला नट काढताना मूळ कामाच्या दुप्पट वेळ जातो. स्क्रू ड्रायव्हरबाबतही सावध असावे. जपानी पद्धतीच्या गाड्यांवरील अधिकच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळ्या आकाराचे असतात, त्यामुळे नेहमीचे टोक खाचेतून वर सरकते आणि स्क्रूचे डोके झिजवते. त्यासाठी जेआयएस मापाचा स्क्रू ड्रायव्हर मिळतो. तो खाचेत पूर्ण बसवून, वरून भार देऊन मगच फिरवावा.

काम सपाट आणि हवेशीर जागी करावे. गाडी मेन स्टँडवर उभी करून किल्ली काढून खिशात ठेवावी, म्हणजे हात चेनजवळ असताना कोणी चुकून बटण दाबण्याची शक्यता उरत नाही. बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे धोका कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

चेन

सुरुवात चेनपासून करावी, कारण ती बाहेरच असते, तिची झीज डोळ्यांना दिसते आणि तिची आबाळ झाली की तिच्यासोबत दोन्ही स्प्रॉकेटही, म्हणजे ज्यांवर ती फिरते ती दातेरी चाकेही, जातात. ज्या गाड्यांची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यांच्या कव्हरवर खालच्या बाजूला बहुधा एक रबरी बूच असते; ते काढले की चेन बोटाने वरखाली करून पाहता येते.

मोजण्याची रीत अशी. गाडी पुस्तिकेत सांगितलेल्या स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये टाकावी. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मधोमध, चेनच्या खालच्या पदराजवळ पट्टी उभी धरावी. बोटाने चेन जितकी वर जाईल तितकी वर आणि जितकी खाली येईल तितकी खाली न्यावी, आणि या दोन टोकांमधले अंतर वाचावे. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांमध्ये ते २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असावे लागते. मात्र एकाच जागी मोजून थांबू नये. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी माप घ्यावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी २५ मिलिमीटर भरणारी चेन अर्ध्या फेरीनंतर १५ भरू शकते. ताण नेहमी सर्वांत घट्ट जागा धरूनच ठरवावा. सैल जागा बघून चेन ओढली, तर घट्ट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर प्रत्येक फेरीला ओढ देत राहते, आणि त्यात स्वार बसल्यावर मागचे चाक धरणारा दांडा, म्हणजे स्विंगआर्म, वर सरकून चेन आणखी ताणली जाते ती वेगळीच. सैल चेन आवाज करते, गिअर बदलताना झटके देते, आणि फारच सैल झाली तर स्प्रॉकेटवरून उतरून मागचे चाक जाम करू शकते. तरीही दोन्हींपैकी एक निवडायची वेळ आली, तर किंचित सैल चेन किंचित घट्ट चेनपेक्षा बरी, असे माझे मत आहे.

ताण बदलायचा असेल तर आधी ॲक्सलच्या नटातली, तो सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन असल्यास काढून नट सैल करावा. त्यानंतर दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर पाव-पाव फेरी, आळीपाळीने आणि सारखेच फिरवावेत. स्विंगआर्मवरील खुणा दोन्ही बाजूंना एकाच रेघेवर आल्या पाहिजेत. त्या मागेपुढे राहिल्या तर चाक तिरके बसते, आणि चेन स्प्रॉकेटच्या दातांना एकाच कडेने घासू लागते. नट आवळण्यापूर्वी एक युक्ती फार उपयोगी पडते. खालच्या पदरात, चेन आणि मागचे स्प्रॉकेट यांच्या मध्ये जाड फडक्याची गुंडाळी ठेवून, बोटे लांब ठेवत चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवावे, म्हणजे फडके दातांत अडकते, ॲक्सल पुढे ओढला जाऊन ॲडजस्टरला टेकतो आणि आवळताना जागेवरून हलत नाही. नट आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना ताण एक-दोन मिलिमीटरने बदलतोच. मागचा ब्रेक ड्रमचा असेल, तर चाक मागे सरकल्यामुळे ब्रेकची दांडीही ताणली गेलेली असते. पायातल्या पेडलचा खेळ आणि मागचा दिवा लागतो की नाही हे दोन्ही त्याच वेळी तपासावे. कॉटर पिन नवी घालावी.

साफसफाईसाठी रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरू नये. अनेक गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडीच्या पिनेभोवती रबराच्या बारीक कड्या असतात आणि कारखान्यात भरलेले ग्रीस त्या आत धरून ठेवतात. पेट्रोलने त्या खराब होतात आणि तारेने कापल्या जातात, आणि एकदा आतले ग्रीस गेले की वरून कितीही तेल घातले तरी ते परत येत नाही. धुतलेली चेन कोरड्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि मगच वंगण लावावे. वंगण खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटकडच्या अंगाने, पट्ट्यांच्या फटीत सोडावे. चाक फिरू लागले की ते आपोआप बाहेरच्या दिशेने चेनमध्ये शिरते. रपेट मारून आल्यावर चेन कोमट असताना हे काम केले आणि गाडी रात्रभर उभी राहू दिली, तर वंगण नीट मुरते. सकाळी वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर धूळ बसून त्याचाच पॉलिश पेपर होतो. साधारण ५०० किलोमीटरला एकदा आणि पावसात भिजल्यावर दरवेळी वंगण द्यावे.

गाडी गिअरमध्ये टाकून, इंजिनच्या जोरावर चाक फिरवत चेन पुसण्याची सवय मी अनेकांना पाहिली आहे. फडक्याचे टोक स्प्रॉकेटमध्ये सापडले की त्यामागून बोट जाते, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. चाक नेहमी हातानेच फिरवावे.

चेन बदलायची वेळ झाली का, हेही मोजूनच ठरवता येते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला असलेली कडी बोटांनी मागे ओढावी. ती जेमतेम हलली तर चेन चांगली आहे. तिच्याखाली दाताचा निम्मा भाग उघडा पडू लागला, तर ती संपली आहे. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकल्यासारखे, आकड्यासारखे दिसू लागले तरी अर्थ तोच. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकरच जुनी होते. नव्या चेनच्या जोडकडीला क्लिप असेल, तर तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला यायला हवे.

इंजिन ऑइल

बहुतेक मोटारसायकलींमध्ये एकच तेल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांनाही पुरते, कारण क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही तेलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती मोटारसायकलमध्ये गेली तर क्लच घसरू लागतो, इंजिन ओरडते आणि गाडी मात्र खेचत नाही. त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही खूण पाहूनच तेल घ्यावे. एमबी ही खूण असलेले तेल ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरसाठी असते. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० यांसारख्या आकड्यांतला पहिला भाग थंड असताना तेल किती पातळ राहते ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहते ते. जो आकडा पुस्तिकेत आहे, तोच घ्यावा.

तेल काढण्यापूर्वी इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट करावे. थंड तेल सावकाश गळते आणि गाळ आतच ठेवते, तर लांबच्या प्रवासानंतरचे तेल हात भाजते. तेल भरण्याचे झाकण सैल करून, खाली पसरट भांडे ठेवून ड्रेन बोल्ट सोडावा आणि किमान दहा मिनिटे तेल गळू द्यावे. तोवर बोल्टच्या टोकाकडे नीट पाहावे. बोटावर घेतल्यावर राखेसारखा लागणारा करडा लेप ही नेहमीची झीज आहे; चिमटीत धरता येतील असे चमकणारे धातूचे कण दिसले, तर मात्र गाडी जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे चालवू नये. गाडीला जाळीचा फिल्टर असेल तर तो रॉकेलने धुवावा, कागदी असेल तर ठरलेल्या वेळी बदलावा. बोल्टखालचा वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि तो चेपला जाऊनच तेल अडवतो, म्हणून तो दरवेळी नवा घालावा.

आता आवळण्याविषयी, कारण घरच्या कामात सर्वाधिक नुकसान इथे होते. ड्रेन बोल्ट पोलादाचा असतो आणि इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा. अनेक वर्षांपूर्वी मी हाच बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने आवळत होतो. तेल गळू नये म्हणून अजून थोडा, अजून थोडा असे करत गेलो. पाना जड होत गेला, आणि मग एका क्षणी, काही तुटल्याचा आवाज न येता, हाताखाली तो मऊ पडला. बोल्ट फिरत होता, पण घट्ट होत नव्हता. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चांदीच्या रंगाची बारीक तार दिसली. ते इंजिनच्या तळाचे आटे होते. ते परत करण्यासाठी भोक मोठे करून त्यात आट्यांची नवी गुंडाळी बसवून घ्यावी लागली. तेव्हापासून मी हा बोल्ट आधी बोटांनी, मुळीच जोर न लावता, पूर्ण आत जाईपर्यंत फिरवतो, आणि नंतर रिंग पाना दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरून, मनगटाच्या जोरावर आवळतो. वॉशर चेपल्याची जाणीव हाताला होते. त्यानंतर थोडा ठाम जोर पुरतो. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा लावावा, म्हणजे अंदाजाचा प्रश्नच राहत नाही.

नवे तेल सांगितलेल्या मापापेक्षा किंचित कमी भरावे, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, आणखी तितकाच वेळ थांबावे आणि मग गाडी सरळ उभी ठेवून पातळी पाहावी. इथे एक बारकावा बऱ्याच जणांकडून निसटतो : काही गाड्यांमध्ये मापकाडी नुसती टेकवून पातळी पाहायची असते, तर काहींमध्ये ती पूर्ण फिरवून बसवायची असते. पद्धत चुकली की माप चुकते. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. जास्त भरलेले तेलही त्रास देते, ते नळीवाटे एअर फिल्टरपर्यंत पोहोचते. काढलेले जुने तेल मातीत किंवा गटारात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात भरून, जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. हे तेल कातडीलाही चांगले नसते, त्यामुळे हातमोजे घालावेत.

एअर फिल्टर आणि प्लग

एअर फिल्टर तीन प्रकारचे आढळतात आणि तिघांची निगा वेगवेगळी आहे. फोमचा फिल्टर रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, न पिळता दाबून, पूर्ण वाळवून त्यावर फिल्टरचे तेल लावून बसवतात. कोरडा कागदी फिल्टर आतल्या बाजूने हलक्या हवेने झटकता येतो. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र धुताही येत नाही आणि झटकताही येत नाही. तो ठरलेल्या अंतरानंतर बदलायचाच असतो. त्यावर हवा मारली की कागदावरचे तेल निघून जाते आणि धूळ सरळ सिलिंडरकडे जाऊ लागते.

प्लग नेहमी थंड इंजिनमधूनच काढावा, कारण सिलिंडर हेडही ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना त्याचे आटे सहज जातात. वायर न ओढता कॅप धरून ओढावी, आणि प्लग सोडण्यापूर्वी त्याच्याभोवतीची धूळ फुंकून काढावी, नाहीतर ती थेट आत पडते. बाहेर आलेला प्लग इंजिनच्या आतली परिस्थिती सांगतो. टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी झाला असेल, तर सर्व ठीक आहे. त्यावर कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी जाते आहे, आणि पहिला संशय तुंबलेल्या एअर फिल्टरवर घ्यावा. ओला, तेलकट काळेपणा असेल तर इंजिन ऑइल वर येते आहे. टोक पांढरेफटक किंवा फोड आल्यासारखे दिसले तर इंजिन जास्त तापते आहे. दोन टोकांमधली फट बहुतेक गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ती फिलर गेजने मोजून, कमीजास्त करायची असल्यास फक्त बाहेरचे वाकलेले टोक हलकेच सरकवावे. इरिडियमच्या प्लगचे मधले टोक अतिशय बारीक असते, त्याला गेज किंवा ब्रश लावू नये. परत बसवताना प्लग शेवटपर्यंत बोटांनीच फिरवावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागला आहे. उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करावी. टेकल्यानंतर नवा, वॉशर असलेला प्लग साधारण अर्धी फेरी आवळतात; तोच प्लग परत बसवत असल्यास त्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो, त्यामुळे जेमतेम आठवा हिस्सा पुरतो.

ब्रेक

ड्रम ब्रेकच्या पेडलचा खेळ साधारणपणे २० ते ३० मिलिमीटर ठेवतात आणि तो दांडीवरचा नट फिरवून बदलता येतो. ड्रमवर एक छोटा बाण आणि त्यासमोर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला, की लायनर संपले असे समजावे, मग नट फिरवून ब्रेक लागत असला तरीही. ड्रम उघडल्यास आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला धरणाऱ्या पकडीच्या, फटीतून टॉर्चच्या उजेडात दिसतात. पॅडवरची खाच पुसली गेली किंवा घासणारा थर दीड मिलिमीटरच्या आसपास उरला, की ते बदलावेत. नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन आत ढकलावे लागतात. त्याआधी ते पुसून स्वच्छ करावेत आणि वरच्या टाकीतली ऑइलची पातळी उतू जात नाही ना, यावर लक्ष ठेवावे. पॅडच्या किंवा डिस्कच्या पृष्ठभागाला तेलाचे बोट लागू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : पॅड बसवून झाल्यावर ब्रेकची दांडी पहिल्या काही दाबांना थेट मुठीपर्यंत येते, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत पोहोचलेले नसतात. दांडी घट्ट लागेपर्यंत दाबत राहावी आणि त्यानंतरच गाडी जागची हलवावी. हे विसरून निघालेल्या माणसाला पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते; लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि दांडी मऊ पडते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा ४ जे लिहिले असेल तेच घालावे. त्याचा थेंब रंगावर पडल्यास लगेच पाण्याने धुवावा, तो रंग खातो. दांडी स्पंजासारखी लागत असेल तर नळीत हवा आहे. ती काढण्याचे काम अवघड नाही, पण पहिल्यांदा ते जाणकार माणसाला शेजारी बसवूनच करावे, आणि एबीएस असलेल्या गाडीत ते गॅरेजवरच सोपवावे.

टायर, वायर आणि बॅटरी

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी चालवण्यापूर्वी म्हणजे टायर थंड असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती कमी पडते. टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेत पाहिले तर एक छोटा उंचवटा दिसतो, आणि टायर त्या उंचवट्याच्या पातळीपर्यंत झिजला की तो बदलायचा असतो. कडेवरच एका चौकटीत चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर.

क्लचच्या दांडीच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर खेळ असावा. खेळ अजिबात नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात. फार असेल तर तो पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडखळत पडतात. दांडीत अडकलेल्या वायरच्या टोकावरून महिन्यातून एकदा बोट फिरवावे. एखादी तार तुटून बोटाला टोचली, तर बाकीच्याही तुटायच्या मार्गावर आहेत असे समजून वायर आताच बदलावी. ॲक्सिलरेटरची वायर तपासायला इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. आवाज वाढला तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे.

बॅटरीचे टर्मिनल सोडताना आधी ऋण, म्हणजे काळी वायर काढावी, आणि जोडताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते; १२ किंवा त्याहून कमी म्हणजे ती उतरली आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर तोच आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो वाढलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरी घालून काही साधणार नाही, आणि हे न मोजता बॅटऱ्या बदलत बसणारी माणसे कमी नाहीत. फ्यूज उडाला तर तितक्याच ॲम्पिअरचा घालावा. मोठा फ्यूज किंवा तार घातली तर पुढच्या वेळी वायरिंग जळते.

गाडी सुरूच होत नसेल

अशा वेळी काहीही खोलण्यापूर्वी किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रलचा दिवा आणि पेट्रोलची पातळी पाहावी. मग स्टार्टर दाबून ऐकावे. नुसता टकटक आवाज येऊन दिवे मंदावले तर बॅटरी किंवा तिचे सैल टर्मिनल हे कारण असते. इंजिन फिरते पण पेटत नसेल, तर प्लग काढून पाहावा : ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे आणि ठिणगी नाही किंवा पेट्रोल साचले आहे; बराच वेळ फिरवूनही कोरडाच असेल तर पेट्रोलच येत नाही. एवढे कळले तरी शोधाची निम्मी दिशा बंद होते, आणि गॅरेजात गेलो तरी नेमके सांगता येते.

काही कामे घरी करू नयेत असे मला वाटते. फोर्कची सील, स्टिअरिंगची बेअरिंग, चाकाच्या तारांची सरळाई आणि इंधनाचा पंप ही त्यांतली मुख्य. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातल्या फटीचे, माप सरावाने घरी घेता येते, पण ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत असते आणि थंड इंजिनवरच घ्यायचे असते. याबाबत एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. टॅपेटचा आवाज येतो तेव्हा सगळे घाबरतात, परंतु जास्त धोका माप कमी झालेल्या, म्हणजे गप्प झालेल्या टॅपेटचा असतो; व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि तापून जळतो. त्यामुळे इंजिन शांत आहे म्हणून हे माप पुढे ढकलू नये, पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला ते करून घ्यावे.

काम संपल्यावर हत्यारे मोजून पेटीत ठेवावीत, एखादा नट किंवा वॉशर खाली उरला नाही ना ते पाहावे, दोन्ही ब्रेक जागेवरच दाबून बघावेत आणि मग गाडी हळू वेगात जवळच फिरवून आणावी. परत आल्यावर ड्रेन बोल्टखाली कोरडा कागद ठेवून सकाळी त्यावर तेलाचा डाग पडला आहे का ते पाहावे. काय केले, कोणते माप होते आणि किती केले, हे किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहावे, आणि पुढच्या ५० किलोमीटरनंतर ॲक्सलच्या नटाला व चेनला पुन्हा एकदा पट्टी-पाना लावून तो आकडाही त्याच ओळीत नोंदवावा.